घाटमाथ्यावर मीटर बंद

हनीफ मिस्त्रीनं माझा चहाचा कप बाजूला सरकवला आणि जळालेला टर्बो टेबलावर ठेवला. खाली वर्तमानपत्र घालायचंही सौजन्य दाखवलं नाही.

"ये देखो साहेब. हा दुसरा," तो म्हणाला. "गाडी तीच, डायवर तोच, घाट तोच. तिसरा बसवतो मी, पण किती दिवस टिकन ते अल्लाले मालूम."

मी टर्बोचा शाफ्ट बोटानं फिरवून पाहिला. जागचा हलला नाही. आत बेअरिंगपाशी काळा कडक थर जमला होता. तव्यावर तेल जळून चिकटतं आणि मग काथ्यानं कितीही घासा निघत नाही, तसा.

आधी एक सांगून टाकतो. मी ट्रकवाला नाही. माझी नोकरी वीज केंद्रात इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये झाली. बॉयलरच्या कुठल्या नळीत किती तापमान, कुठं किती दाब, हे दाखवणारी उपकरणं ठीक ठेवणं हे आमचं काम. निवृत्त झाल्यावर अकोल्यात एक लहान दुकान टाकलं. जिनिंगवाले, दालमिलवाले आपले मीटर दुरुस्तीला आणतात. शेजारी हनीफचं गॅरेज. आमची सौ. म्हणते, यांचा माणसापेक्षा मीटरवर जास्त विश्वास. मी तिचं म्हणणं कधी मनावर घेतलं नाही. पुढं जे घडलं त्यानंतर थोडं घेतो.

टर्बो म्हणजे काय ते दोन ओळींत सांगतो. डिझेल जळून इंजिनातून जो गरम वायू बाहेर पडतो, तो एक छोटी चक्की फिरवतो. त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला दुसरी चक्की असते. ती बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त, म्हणून डिझेल नीट जळतं, म्हणून तेवढ्याच इंजिनात ताकद जास्त. हा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या घरात फेरे मारतो, आणि तो तरंगत असतो तेलाच्या पातळ थरावर. ते तेल इंजिनच पंपानं त्याला पाजत असतं. तेल आहे तोवर सगळं आलबेल.

टर्बो मारायचे मुख्य प्रकार दोन. एक, इंजिनाला झेपेना इतकं डिझेल पाजायचं किंवा हवा कमी पडू द्यायची, म्हणजे बाहेर पडणारा वायू प्रमाणाबाहेर तापतो. दुसरा, तापलेली गाडी एकदम बंद करायची. इंजिन थांबलं की तेल थांबतं, पण टर्बो अंगारासारखा तापलेलाच असतो. आत राहिलेलं तेल जागच्या जागी जळून जातं. म्हणून शहाणा ड्रायव्हर गाडी उभी केल्यावर दोन-चार मिनिटं नुसतं इंजिन चालू ठेवतो, टर्बो निवू देतो, मगच किल्ली फिरवतो.

हनीफनं ड्रायव्हरला पहिला प्रश्न हाच विचारला होता. ड्रायव्हर नामदेवराव तेव्हा दुकानाच्या दारातच उभे होते. पन्नाशी ओलांडलेले, बारीक अंगाचे, खांद्यावर दुपट्टा.

"गाडी थंडी करून बंद करता ना?" हनीफनं माझ्यासमोर पुन्हा विचारलं.

"हाव. अंजनगावले पाच मिनिटं, बैतूलले पाच मिनिटं," नामदेवराव म्हणाले. "कोणत्याबी थांब्यावर आधी गाडी थंडी करतो, मंगच बंद करतो. मारोतीची आण."

खोटं बोलणारा माणूस वाटत नव्हता. हे वाक्य मात्र वाचकांनी लक्षात ठेवावं. मी ठेवलं नाही.

तेवढ्यात गाडीच्या मालकाचा, मनोहररावांचा फोन आला. हे अंजनगाव सुर्जीचे. घरची केळीची बाग आहे, आजूबाजूच्या बागांतला मालही तेच उचलतात. केळी ट्रकनं परतवाडा, बहिरम करत सातपुड्याचा घाट चढून बैतूलच्या मंडीत जातात. हनीफनं फोन स्पीकरवर टाकला. नामदेवराव तिथंच आहेत हे सांगायला तो विसरला.

"मिस्त्री, म्या तुमाले आधीच सांगतलं होतं," मनोहरराव म्हणाले. "गाडी रगडते तो. रेस देऊ देऊ घाट चढवते. बावीस वर्षं झाली आमच्या घरी, म्हणून गप बसलो. आता हा तिसरा गेला तं मी त्याले घरी बसवतो. नवा डायवर पाहून ठेवला हाय."

नामदेवरावांनी दुपट्टा झटकला आणि पुन्हा खांद्यावर टाकला.

फोन बंद झाल्यावर ते मला म्हणाले, "सर, म्या कधी बैलाले पराणी टोचली नाई. गाडीले काय टोचीन? अन् या वयात दुसऱ्या घरची गाडी कोण देते मले?"

मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त चेव आला. ड्रायव्हर रगडतो की नाही, हा वादाचा विषयच नव्हे. ही मोजायची गोष्ट आहे. "आपण मीटर लावू," मी म्हणालो. "वायूचं तापमान मोजू. गाडी रगडली तर आकडा सांगेल, नाही रगडली तरी आकडा सांगेल."

यासाठी थर्मोकपल लागतं. नाव भारदस्त आहे, पण वस्तू साधी. दोन वेगवेगळ्या धातूंच्या तारा एका टोकाला जोडायच्या. ते टोक तापलं की तारांत अगदी किंचित वीज तयार होते. जितकं तापमान जास्त, तितकी वीज जास्त. मीटर तेवढं मोजून अंशांत दाखवतो. वीज केंद्रात असली थर्मोकपलं मी आयुष्यभर हाताळली. ट्रकमध्ये लावायची पहिलीच वेळ.

टर्बो काढलेला होताच. हनीफनं इंजिनाच्या धूर निघायच्या नळीला, टर्बोच्या जरा अलीकडं, भोक पाडून आटे पाडले. त्यात थर्मोकपल घट्ट बसवलं. लोखंडाचा एक कण आत राहता कामा नये म्हणून त्यानं ती नळी तीनदा धुतली. तार मी केबिनमध्ये आणली आणि डॅशबोर्डवर लाल आकड्यांचा मीटर बसवला. बॅटरी उगीच उतरू नये म्हणून मीटरची जोडणी किल्लीच्या वायरवरून घेतली. सातशेच्या वर आकडा गेला की पिपाणी वाजेल, अशी सोय केली. हे सगळं मी स्वतःच्या हातानं केलं, हे मुद्दाम नोंदवतो.

मग मी नामदेवरावांना एक वही दिली. आमच्या वीज केंद्रात लॉगबुक असायचं, तासातासाला आकडे लिहायचे. सवयीनं मी रकाने आखले. अंजनगाव, परतवाडा, बहिरम, अर्धा घाट, घाटमाथा, बैतूल.

"चालवता चालवता लिहायचं नाही," मी बजावलं. "आकडा ध्यानात ठेवायचा आणि गाडी उभी राहिली की लिहायचा."

"जमते," नामदेवराव म्हणाले. त्यांनी वही कपाळाला लावली आणि देवाच्या फोटोमागं खोचली.

आठवड्यानं मनोहररावांनी वहीच्या पानांचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवले. अक्षर मोत्यासारखं. सपाटीवर साडेचारशेच्या आसपास. अर्ध्या घाटात सहाशे दहा, पाचशे नव्वद, सहाशे पंचवीस. बैतूलला पोचल्यावर एकशे साठ. भरल्या गाडीनं घाट चढताना सहाशे-सव्वासहाशे म्हणजे उत्तम चालवणं. रगडणारा ड्रायव्हर वरच्या गिअरमध्ये गाडी रेटत राहतो आणि आकडा सातशेच्या पार नेतो. नामदेवराव वेळेवर गिअर पाडत होते. हवेचा फिल्टर ठीक, डिझेलचा पंप ठीक, हेही त्यातच सिद्ध झालं.

फक्त एका रकान्यात गोंधळ होता. घाटमाथा या रकान्यात चारही फेऱ्यांना एकच नोंद होती. "मीटर बंद."

मी लगेच निदान केलं. घाटातला रस्ता, गाडीला हादरे, माझी कुठली तरी वायर ढिली. ट्रक अकोल्याला बोलावला. डॅशबोर्डखाली पाठीवर झोपून सगळे जोड तपासले. वायर नवी टाकली, रबर बसवलं, पट्ट्या आवळल्या.

"माथ्यावर मीटर बंद होते ना?" मी खालूनच विचारलं.

"हाव जी, रोजच," नामदेवराव वरून म्हणाले.

"पुन्हा चालू कधी होते?"

"निघालो का होते."

झालं. म्हणजे चढ संपताना झटका बसतो, जोड सुटतो, आणि गाडी हलली की पुन्हा बसतो. माझा तर्क मला फार आवडला. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा फोटो आले. घाटमाथा, मीटर बंद. मी चक्क नवा मीटर बसवला. तिसऱ्या आठवड्यात, घाटमाथा, मीटर बंद.

"साहेब, तुमच्या मीटरले उंचीचं भेव वाटत असन," हनीफ म्हणाला. "बच्चा आहे, डरते."

मी त्याच्याकडं दुर्लक्ष केलं. इतकी वर्षं या धंद्यात काढून एका वायरीनं माझी अशी फजिती करावी, हे माझ्या जिवाला लागलं होतं.

मनोहररावांनी मात्र यातून वेगळाच अर्थ काढला. "सर, तुमी सरळ माणूस," ते फोनवर म्हणाले. "तुमच्या ध्यानात नाई येत. माथ्याजवळ शेवटचा चढ कडक हाय. तिथं रगडते तो, अन् वर पोचून वायर काढून ठेवते. म्हणून तिथलाच आकडा नसते."

हे अशक्य नव्हतं. मोत्यासारख्या अक्षरात खोटंही लिहिता येतं.

त्यातच हनीफनं वाईट बातमी दिली. ट्रक त्याच्याकडं ऑइल बदलायला आला होता, तेव्हा त्यानं टर्बोचा पाइप काढून शाफ्ट हातानं हलवून पाहिला. शाफ्ट जरा जास्तच हलत होता, आणि पाइपात तेलाचा ओलावा होता. "तिसरा पण चालला साहेब," तो म्हणाला. "महिना काढला तं काढला."

मनोहररावांना हे सांगणं भाग होतं. ते म्हणाले, "रविवारी नामदेवरावले हिशेब करून मोकळा करतो. तुमच्या मीटरचा काही उपयोग झाला नाई सर. राग नका मानू."

राग मानण्यासारखं त्यात काही नव्हतं, कारण खरंच झाला नव्हता. मी म्हणालो, "रविवारच्या आधी एक फेरी मी स्वतः गाडीत बसून करतो. मग तुमचं तुम्ही ठरवा."

शुक्रवारी सकाळी अंजनगावहून निघालो. मागं हिरव्या केळीचे घड, खाली-वर पाला. केबिनमध्ये नामदेवराव आणि मी. मांडीवर माझी स्वतःची वही, आणि नजर मीटरवर. परतवाड्यापर्यंत साडेचारशे. बहिरम मागं पडलं, समोर सातपुडा दिसायला लागला आणि चढ सुरू व्हायच्या आधीच नामदेवरावांनी गिअर पाडला. इंजिनाचा आवाज मोकळा झाला. मी पुष्कळ ऑपरेटर पाहिले आहेत. इतका हलका हात थोड्यांचाच असतो.

"घाटात वरच्या गिअरमदी नाई चढवा लागत," ते म्हणाले. "गाडी कण्हते मंग."

"तुम्हाला कण्हलेलं ऐकू येतं?"

"तुमाले मीटर दिसते, मले ऐकू येते."

पाचशे ऐंशी. सहाशे. सहाशे दहा. एक ट्रक पुढं रेंगाळत होता, त्याला ओव्हरटेक करायचा मोह त्यांनी केला नाही. शेवटच्या कडक वळणावर सहाशे चाळीस झाले. पिपाणी वाजली नाही. मी वायरीकडं डोळे लावून बसलो. आता झटका बसणार, आता आकडा जाणार.

आकडा गेला नाही. चढ संपला. माथ्यावर डाव्या हाताला एक मोठा पिंपळ आहे, खाली शेंदूर लावलेला मारोती, शेजारी नारळवाल्या बाईची टपरी. नामदेवरावांनी गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला आणि किल्ली फिरवली.

इंजिन बंद. मीटर बंद.

जंगलातली शांतता अशी एकदम अंगावर आली. गरम लोखंडाचा टिक टिक आवाज येत होता. नामदेवरावांनी देवाच्या फोटोमागून वही काढली, मीटरकडं एकवार पाहिलं आणि प्रामाणिकपणे लिहिलं. घाटमाथा, मीटर बंद.

"नामदेवराव," मी म्हणालो. "गाडी काहून बंद केली?"

"मारोती हाय ना जी समोर."

"मग?"

"देवासमोर इंजिन घरघरत ठेवत नाईत," ते म्हणाले. लहान मुलाला समजवावं तसं. मग चपला केबिनमध्येच काढल्या, उतरले आणि दर्शनाला गेले.

मी तसाच बसून राहिलो. सहाशे चाळीस अंशांवर टर्बोचं तेल बंद. दर फेरीला जाताना एकदा. येताना गाडी रिकामी आणि पलीकडून चढ हलका, त्यामुळं तेव्हा फारसं बिघडत नसावं. दोन टर्बो असेच गेले होते आणि तिसरा, माझ्यादेखत, माझ्या सीटपासून चार फुटांवर जात होता. आणि मी दोन आठवडे डॅशबोर्डखाली पाठीवर झोपून वायरी बदलत होतो. किल्लीच्या वायरवर मीटर मीच जोडला होता. किल्ली बंद तर मीटर बंद. हे पहिल्या वर्षाच्या शिकाऊ टेक्निशियनलाही कळतं.

मला हसू यायला लागलं. आधी दाबलं, मग दाबता येईना. नामदेवराव परत आले तेव्हा मी डोळे पुसत होतो.

"काय झालं सर?"

"तुम्ही म्हणाला होता, प्रत्येक थांब्यावर गाडी थंडी करता. मारोतीची आण घेतली होती."

"करतोच ना."

"मग हा थांबा नाही?"

ते गोंधळले. "हा थांबा कसा होईन? हे तं दर्शन हाय."

आणि त्यांच्या बाजूनं ते अगदी खरं होतं. थांबा म्हणजे माल उतरवायचा, डिझेल भरायचं, जेवायचं. दर्शन म्हणजे दर्शन. बैतूल थांबा, म्हणून तिथं पाच मिनिटं. मारोतीला पाच मिनिटं घरघर ऐकवायची, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

मी त्यांना टर्बोचं सगळं समजावून सांगितलं. तेल कसं थांबतं, कसं जळतं. ते स्टिअरिंगवर हात ठेवून ऐकत होते. माझं हसू आटपलं होतं, कारण त्यांचा चेहरा उतरत चालला होता.

"म्हणजे दोन्ही म्याच मारले," ते म्हणाले.

मी बंद मीटरकडं पाहिलं.

"मनोहरभाऊ बरोबरच बोलून राह्यले होते मंग."

"रगडत नव्हता तुम्ही. ते चूक बोलत होते."

"पण मारले तं म्याच ना." "तुमी खरं तेच सांगा सर. म्या काही लपवत नाई."

"ही रीत तुम्हाला कुणी शिकवली?" मी विचारलं.

"आबाजीनं. मनोहरभाऊच्या वडलायनं. घरची पहिली गाडी घेतली तवा याच मारोतीपाशी पूजा केली होती. आबाजी म्हणे, नामदेव, इथं कधी गाडी चालू ठेवून हात जोडू नको, देवाचा मान ठेव. बावीस वर्षं ठेवला."

पहिली गाडी म्हणजे जुनी, बिनटर्बोची. तिला कितीही तापलेली बंद केली तरी टर्बोच नव्हता, तर जळणार काय? रीत निर्धोक होती. गाडी बदलली आणि रीत तशीच राहिली. एवढीच सगळी गोष्ट.

शनिवारी परतलो. मनोहररावांच्या केळीच्या शेडमध्ये माल धुण्याचं काम चाललं होतं. बाजूला खाटेवर आबाजी बसले होते. ऐंशीच्या पुढचे, कान तिखट, पायात धोतराखाली मोजे. मनोहरराव फोनवर बोलत होते. मला पाहून त्यांनी फोन ठेवला.

मी वीज केंद्रात रिपोर्ट द्यायचो तसाच दिला. पहिला मुद्दा, गाडी रगडली जात नाही, घाटात कमाल सहाशे चाळीस. दुसरा, वायर कुणी काढत नाही. तिसरा, माथ्यावर मारोतीपुढं गाडी तापलेली बंद होते, आणि टर्बो त्यानंच जातात.

"पाहा," मनोहरराव म्हणाले. "शेवटी डायवरच निघाला ना?"

नामदेवराव शेडच्या खांबापाशी मान खाली घालून उभे होते.

"हाव," मी म्हणालो. "पण तिथं गाडी बंद करायचं कुणी सांगितलं, ते विचारा."

मनोहररावांनी विचारलं नाही. त्यांना माहीत होतं. बापाच्या शेजारी बसून लहानपणी तेही त्या घाटानं गेले असतील, आणि त्यांनीही तिथं हात जोडले असतील. ते केळीच्या घडाकडं पाहायला लागले.

"म्या सांगतलं होतं," आबाजी खाटेवरून म्हणाले. "त्याले काहून बोलता? मले बोला."

मग आबाजींनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "किती वेळ चालू ठेवा लागते?"

"तीन-चार मिनिटं. आकडा दोनशेच्या खाली आला की झालं."

आबाजींनी डोळे मिटले. मला वाटलं, म्हातारा अडून बसणार. देवाच्या मानापुढं टर्बोची काय कथा? मनोहररावही वाद घालायच्या तयारीत होते. त्यांनी तोंड उघडलं, पण आबाजींनी हात वर केला.

"मारोतीनं लंका जाळली," ते म्हणाले. "शेपूट पेटलेलं होतं. तसाच गेला का तो रामापाशी?"

"नाही," मी म्हणालो.

"समुद्रात शेपूट विझवलं, अंग थंड केलं, मंग गेला. त्यानं सोता तसं केलं, तं गाडीनं केलं म्हणून त्याले काहून राग येईन?" त्यांनी नामदेवरावांकडं मान वळवली. "नामदेव, उद्यापासून आधी गाडी थंडी, मंग दर्शन. म्या सांगतो."

नामदेवरावांनी दुपट्ट्यानं डोळे पुसले. "हाव आबाजी."

मनोहररावांनी खिशातून फोन काढला आणि बाजूला जाऊन कुणाला तरी सांगितलं, की ड्रायव्हरची जागा भरली आहे. मग येऊन नामदेवरावांना म्हणाले, "चहा घेतला का तुमी? सकाळपासून गाडीतच हाय." माफी मागायची त्या घराची तीच पद्धत असावी.

हनीफनं टर्बो खोलून आतले बेअरिंग बदलले. वेळेवर खोलला म्हणून शाफ्ट वाचला. इंजिन आपोआप तीन मिनिटं चालू ठेवणारं यंत्र मिळतं, ते बसवू का, असं त्यानं विचारलं. नामदेवराव नको म्हणाले. "मारोतीसाठी मी थांबतो. यंत्र काहून थांबन?" आता ते माथ्यावर गाडी उभी करतात, हँडब्रेक ओढतात आणि सीटवरच हात जोडून मीटरकडं पाहत बसतात. आकडा उतरतो. दोनशेखाली आला की किल्ली फिरवतात, मग खाली उतरतात. पुढच्या महिन्याच्या वहीत नोंद होती, "घाटमाथा, १९०. दर्शन झालं." हनीफनं त्या पानाचा फोटो गॅरेजमध्ये चिकटवला आहे.

या गोष्टीला वर्ष होऊन गेलं. टर्बो अजून तोच आहे. मी माझ्या लॉगबुकात एक रकाना वाढवला: मीटर बंद असेल तर गाडी चालू होती का? दुकानात काम शिकायला येणाऱ्या मुलांना मी हा किस्सा सांगतो. फक्त डॅशबोर्डखाली झोपल्याचा भाग गाळतो.

गेल्या महिन्यात आमच्या सौ.ला घेऊन बैतूलला एका लग्नाला निघालो. आमची गाडी लहान, पण तीही टर्बो डिझेल. घाट चढलो. पिंपळ दिसला, मारोती दिसला. सौ. म्हणाली, दर्शन घेऊ. मी गाडी बाजूला घेतली आणि किल्ली फिरवली.

टपरीतली नारळवाली बाई तरातरा आली आणि काचेवर टकटक केली.

"भाऊ, गाडी चालू करा."

"का हो?"

"इथं चढून आल्यावर गाडी लगेच बंद करत नाईत. आधी तीन मिनिटं चालू ठेवा लागते, मंग बंद करा लागते, मंग दर्शन. समदे डायवर तसंच करते." तिनं हात केला. पलीकडं दोन ट्रक इंजिन चालू ठेवून उभे होते आणि दोन्ही ड्रायव्हर सीटवर हात जोडून बसले होते.

"कुणाचा नियम आहे हा?" मी विचारलं.

"मारोतीचा," ती म्हणाली. "लय जुना हाय जी."

मी मुकाट्यानं पुन्हा स्टार्टर मारला आणि घड्याळ पाहायला लागलो. सौ. खिडकीबाहेर तोंड करून हसत होती. अडीच मिनिटांनी मी किल्लीकडं हात नेला, तर तिनं माझं मनगट धरलं.

"तीन," ती म्हणाली.